खिडकीसमोरची वाळुंजं

"हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्टीला लावा आणि समोरच्या घराकडे बघत राहा," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सिग्नेनं यंत्राच्या भोकाला डोळा लावला. आत तेच चित्र होतं. हिरवंगार सपाट शेत, मधोमध सरळ गेलेली वाट आणि वाटेच्या टोकाला लाल छपराचं छोटंसं घर. घर आधी धूसर झालं, मग आपोआप स्वच्छ झालं, मग पुन्हा धूसर. दर दोन-तीन वर्षांनी ती हे चित्र बघत आली होती आणि दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत विसरतही आली होती. आज मात्र घर स्वच्छ झालं त्या क्षणी तिची नजर त्याच्यावरच खिळली. आपण चुकीच्या टोकाला उभ्या आहोत असं तिला वाटलं. आपण त्या घराच्या आत असायला हवं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, आईच्या कोपराला कोपर लावून. आणि तिथून हे असंच मोकळं शेत थेट सरोवराच्या खाडीपर्यंत उतरत गेलेलं दिसायला हवं होतं. तिनं नकळत मान मागे घेतली. "हलू नका हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या घरापुढे काहीच नाहीये," सिग्ने म्हणाली, आणि हे आपण मोठ्यानं बोललो हे तिच्या मागाहून लक्षात आलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "मुद्दामच काही ठेवत नाहीत. नजर कुठे अडली तर यंत्राला मोजता येत नाही."

मग त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, आत दिवा मारून बघितलं, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत वाचू नका, गाडी चालवू नका. सिग्ने वेस्तेरोस शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बसवायची, म्हणजे दिवसभर आकड्यांकडे बघायचं काम. तेव्हा आजचा दिवस तिला सुट्टीच होती. ती रस्त्यावर आली तर एप्रिलअखेरचं ऊन अंगावर धावून आलं. दुकानांच्या काचा, सायकलींची चाकं, समोरून येणाऱ्या माणसांची कपाळं, सगळ्यांना पांढऱ्या कडा फुटल्या होत्या. तिनं डोळ्यांवर हात धरला. नजर कुठे अडली तर मोजता येत नाही. हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात शेजारचा शेतकरी थूरे यंत्र घेऊन गावाकडच्या शेतावर येणार होता. तिथे जळणासाठी लावलेल्या वाळुंजाच्या झाडांची खोडं मुळांसकट चिरडून काढणार होता. शरद ऋतूत तिनंच त्याला फोन करून सांगितलं होतं, "सगळं काढ. वरून खालपर्यंत. आईच्या खिडकीतून पुन्हा पाणी दिसलं पाहिजे." आई जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. शेत आदल्याच उन्हाळ्यात सिग्नेच्या नावावर झालं होतं. पप्पानं ते देताना जेवणाच्या टेबलावरून मीठ पुढे सरकवावं तशा आवाजात म्हटलं होतं, "आता तुझं. तुला हवं ते कर." आणि तिला काय हवं आहे याबद्दल तिला कधी शंकाच नव्हती. आज, या पांढऱ्या उजेडात, शंका आली असंही नाही. पण पाय घराकडे न वळता बसस्थानकाकडे वळले. गाडीवरचा नंबर दिसेना, म्हणून ज्या वेळापत्रकावर ती रोज काम करायची त्यातलीच बस तिला चालकाला विचारून पकडावी लागली.

बसच्या खिडकीबाहेर काही नीट दिसत नव्हतं. नुसते रंग मागे सरत होते. राखाडी, तपकिरी, मग अचानक ओला हिरवा. दिसत नसलं की आठवणी जवळ येऊन बसतात. वाळुंजं लावली त्या वसंतात सिग्ने पंचविशीत होती. सुट्टीला घरी आलेली. ट्रॅक्टरमागच्या यंत्रावर बसून दोघं जण वीतवीत लांबीच्या काड्या जमिनीत सोडत होते, आणि मागे ओळीच्या ओळी उभ्या राहत होत्या, कुणी शेतभर पेन्सिली टोचून ठेवाव्यात तशा. आई पायरीवर उभी होती, हाताला पीठ. "हेल्गे, किती वाढतात रे ही?" तिनं विचारलं. पप्पा म्हणाला, "चांगली वाढतात म्हणे. शहराच्या भट्टीला लाकूड लागतं. तेल जाळण्यापेक्षा बरं." आई हातांचं पीठ झटकत आत गेली. पहिल्या उन्हाळ्यात तणातून त्या काड्या शोधाव्या लागत होत्या. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या घराच्या वळचणीच्या वर गेल्या. खिडकीसमोर पानांची भिंत उभी राहिली. ती वाऱ्यानं सळसळायची, चंदेरी व्हायची, पुन्हा हिरवी व्हायची. सुंदरच होती खरं तर, पण भिंत होती. तिच्यापलीकडे कुठेतरी पाणी होतं.

आणि टिटव्या. इकडच्या टिटव्यांना डोक्यावर तुरा असतो. बर्फ विरघळलं की त्या ओल्या नांगरटीवर उतरायच्या, हवेत कोलांट्या मारायच्या, आणि आई भांडी हातातली तशीच ठेवून ओरडायची, "आल्या!" जणू पाहुण्यांची गाडी दारात थांबली. मग ती शेतात फिरून त्यांची घरटी शोधायची आणि प्रत्येक घरट्याशेजारी एक काठी रोवून यायची. पप्पा पेरणीला निघाला की त्या काठ्यांना वळसे घालत ट्रॅक्टर चालवायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हेल्गे प्यायलाय. वाळुंजं लावल्यावर दोन वसंत टिटव्या आल्या, झाडांवरून घिरट्या घातल्या, त्यांना उतरायला उघडी जमीन दिसली नाही, गेल्या. तिसऱ्या वर्षी आल्याच नाहीत. आईनं आरडाओरडा केला नाही. तिनं आपली खुर्ची खिडकीपासून उचलून चुलीच्या बाजूला नेली आणि खिडकीकडे पाठ करून बसू लागली. आरडाओरडा सिग्नेनं केला. "पप्पा, तू आईची खिडकी बुजवलीस!" पप्पा बूट घालत होता. "तू उन्हाळ्यात खाडी बघितलीस का?" तो म्हणाला. "खाडीचा इथे काय संबंध?" त्यावर त्यानं टोपी डोक्यावर ओढली आणि तो बाहेर गेला. समजावून सांगणं हा त्याचा स्वभाव नव्हता, आणि ऐकून घ्यायला तेव्हा तीही थांबली नसती. मग ती नाताळला जाऊ लागली, फार तर ईस्टरला. शेत बर्फानं झाकलेलं किंवा उघडंबोडकं असेल अशाच दिवसांत.

खाडी. बस एका वळणावर कलली आणि सिग्नेला एकदम ट्रुल आठवला. त्यांचा कुत्रा, पिंगट, एक कान पडलेला. त्या उन्हाळ्यात खाडीचं पाणी रंगाच्या डब्यासारखं झालं होतं, दाट हिरवं, काठाला साय धरल्यासारखं. पोहायला जाऊ नका म्हणून पाटी लागली होती. कुत्र्याला पाटी वाचता येत नाही. तो ते पाणी प्यायला आणि संध्याकाळच्या आत गेला. पप्पानं त्याला हातगाडीवर घालून बर्चच्या झाडाखाली नेलं आणि एकट्यानं पुरलं. पाणी असं का झालं ते तेव्हा सगळे बोलायचे. शेतांतलं खत, गावाचं सांडपाणी, सगळं ओढ्यातून खाली जातं. त्या खाडीत उतरणारा ओढा त्यांच्याच शेताच्या मधून जात होता, पण ते घरात कुणी कुणाला म्हणालं नाही. आणि पुढच्याच वर्षी पप्पानं गहू सोडून वाळुंजं लावली. या दोन्ही गोष्टी सिग्नेला इतकी वर्षं माहीत होत्या. ती त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवत आली होती. आता बसमध्ये, डोळे मिटून, तिनं मधलं दार उघडलं, आणि ते इतकं साधं निघालं की तिला जरा हसूच आलं. नेमक्या त्याच वेळी बस त्या छोट्या गावाच्या भट्टीसमोर थांबली. उंच धुराडं, पांढरी वाफ, आणि खाली लाकडाच्या तुकड्यांचा ढीग. तो तिला दिसला नाही, वासावरून कळला. ओल्या सालीचा कडवट, स्वच्छ वास. या असल्याच भट्ट्यांतून गरम झालेलं पाणी नळांनी घराघरांत फिरतं. वेस्तेरोसमध्ये ती राहते त्या चौथ्या मजल्यावर इतके हिवाळे तिनं ओले हातमोजे भिंतीवरच्या त्या गरम पाण्याच्या पट्टीवर वाळत टाकले होते, आणि ती ऊब कुणाच्या शेतातून येते हे एकदाही मनात आलं नव्हतं. कुणाकुणाची शेतं असतील, काय माहीत.

घराकडे न जाता ती आधी शेतात उतरली. हिवाळ्यात जमीन गोठलेली असताना कापणीचं यंत्र आलं होतं, पण थंडी अवेळी ओसरली आणि खालच्या ओल्या भागात यंत्र उतरवता आलं नाही. त्यामुळे घराजवळ आखूड खोडांचे खुंट आणि पलीकडे, ओढ्यापासून खाडीपर्यंत, उभी वाळुंजं असं अर्धंअर्धं झालं होतं. तिला ती झाडं म्हणून दिसली नाहीत. पिवळसर धुक्याचा एक उंच पट्टा दिसला, आणि जवळ जाईल तसा त्यातून आवाज येऊ लागला. खालच्या सुरातला, अखंड. मधमाश्यांचा. फुललं होतं सगळं. काड्याकाड्यांवर परागांचे मऊ पिवळे गोंडे. ती अजून दोन पावलं पुढे गेली तर कुणीतरी खेकसलं, "पेट्यांच्या तोंडाशी उभी राहू नकोस! माश्यांची वाट अडते!" शेजारच्या आगडाचा आवाज. सत्तरीची, एकटी, मधमाश्या पाळणारी, आणि गेली काही वर्षं कानांनी जवळजवळ गेलेली.

"सिग्ने होय? आणि डोळे असे काय? गुरुवारी भरदुपारी प्यायलीस की काय?"

"औषध घातलंय डोळ्यांत! नीट दिसत नाही!" सिग्ने ओरडून म्हणाली.

"आणि मला ऐकू येत नाही. चला, दोघींची मिळून एक धड बाई होईल. बस त्या खोक्यावर. तुझी आई बसायची त्यावर."

सिग्नेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माझी आई? इथे?"

"मग काय माझी? दर वर्षी, फुलं आली की मायकेन इथे. शिव्या घालत यायची आणि संध्याकाळपर्यंत बसायची."

"तिला ही झाडं आवडत नव्हती, आगडा."

"आवडत होती असं कोण म्हणतंय?" आगडानं माश्या शांत करायच्या धुराच्या डब्याचा भाता दोनदा दाबला. "तोंडभरून बोलायची. टिटव्या गेल्या, चंडोल गेले, माझं पाणी झाकलं या मेल्या हेल्गेनं. आणि बोलता बोलता एकदम म्हणायची, गप, ऐक! मी म्हणायची, मी काय कपाळ ऐकू? तू ऐक आणि मला सांग. मग एकेका पक्ष्याचं सांगायची. हा आत्ताच आफ्रिकेतून आलाय, दमलाय. हा नुसता गळा साफ करतोय. तो पलीकडचा बायकोशी भांडतोय. निम्मं मनचंच असायचं, मला काय कळतंय? पण मजा यायची." तिनं थोडा धूर पेटीकडे सोडला. "ती गेल्यापासून मला कुणी काही सांगितलं नाही बघ. तू सांग. काय काय वाजतंय?"

सिग्ने खोक्यावर बसली. पक्ष्यांची नावं तिला येत नव्हती. शहरात तिला बसचे भोंगे ओळखू यायचे. पण डोळ्यांना काही काम नव्हतं, म्हणून कान हळूहळू उघडत गेले. आधी नुसता माश्यांचा गुंजारव, मग त्याच्या मागे, काड्यांच्या दाटीत, जागोजागी बारीक आवाज. केवढे होते! भिंत म्हणून तिनं जिच्याकडे पाहिलं होतं तिच्या आत ही एवढी वस्ती. "एक जण आहे," ती मोठ्यानं म्हणाली, "तो वरून सुरू करतो आणि जिना उतरल्यासारखा खाली खाली येतो. शेवटच्या पायरीवर आवाजच जातो त्याचा."

"तो लाजरा!" आगडानं मांडीवर थाप मारली. "मायकेन त्याला लाजराच म्हणायची. अजून?"

"दोन वटवटे आहेत. एकमेकांना बोलू देत नाहीत. आणि खाली, जमिनीवर, कुणीतरी मोठं चालतंय. पाचोळा वाजतोय."

"हरिणी असेल. पाडसं आत लपवते ती. माझी फुलझाडंही तीच खाते, बया." आगडानं धुराचा डबा खाली ठेवला. मग पेट्यांकडे बघत म्हणाली, "थूरे सांगत होता, पुढच्या आठवड्यात हे सगळं जाणार म्हणून. माझ्या पेट्या मी हलवीन, त्याचं काही नाही. फक्त या दिवसांत दुसरं काही फुललेलं नसतं. बाकी शेत तुझं आहे."

सिग्नेला काहीतरी विचारायचं होतं आणि नेमकं काय ते सुचत नव्हतं. ती आगडाच्या कानाशी वाकली. "आई शेवटी... म्हणजे शेवटच्या वर्षी... कशी होती?"

"कशी म्हणजे? मजेत होती. ऑगस्टात रोज खाडीत पोहायची. मी टॉवेल घेऊन काठावर, आणि ती बदकासारखी आत. पाणी केव्हाचं निवळलंय, तुला माहीत नाही?"

"ती फोनवर कधी म्हणाली नाही."

"तू विचारायचीस, आई, कशी आहेस? ती म्हणायची, बरी आहे." आगडानं खांदे उडवले. "होतीच बरी."

सिग्ने शेतातून वर चालत आली तेव्हा तिच्या बाहीवर पिवळे पराग लागले होते. आपण इतकी वर्षं एका दुःखी बाईची बाजू घेऊन भांडलो, आणि ती बाई त्या दुःखाला सोबत घेऊन, खोक्यावर बसून, मैत्रिणीला पक्ष्यांची भांडणं सांगत होती. तिला राग यायला हवा होता बहुतेक. फसवलं गेल्याचा. पण मनात शोधलं तर राग सापडेना. तिथे एक हलकेपणा होता, बराच वेळ उचलून धरलेली वस्तू कुणीतरी हातातून घेतल्यासारखा. आईनं टिटव्यांचं दुःख सोडून दिलं नव्हतं. तरी तिनं दुसरं काही घ्यायला हात मोकळा ठेवला होता.

गुरुवारी इकडे घरोघरी वाटाण्याचं सूप शिजतं, तसा घरात त्याचा वास होता. हेल्गे चुलीशी उभा होता, चौऱ्याऐंशीचा, रुंद पाठीचा, धूसर. "आलीस? सांगायचं नाही का आधी? आता सुपात पाणी वाढवावं लागेल," तो म्हणाला, आणि त्यानं खरोखरच वाढवलं. ती टेबलाशी बसली. आईची खुर्ची खिडकीशी होती, बाहेर तोंड करून. ती चुलीपाशी असते असंच सिग्नेच्या डोक्यात होतं. नाताळच्या गर्दीत, मेणबत्त्यांमध्ये, खुर्च्या कुठे असतात हे कोण बघतं?

"ही इथे कधीपासून, पप्पा?"

"खुर्ची? केव्हाची. पहिली कापणी झाली त्या वसंतापासून." त्यानं ताटल्या मांडल्या, मोहरीची बाटली ठेवली. "सगळं कापून झालं आणि पुन्हा पाणी दिसायला लागलं, तर मायकेननं खुर्ची आणली इकडे. म्हटलं, अरेच्चा. मग पुढे मी सगळं एकदम कापलंच नाही. दर हिवाळ्यात एक पट्टा, घरापासून खाडीपर्यंत; कापलेलं खुंटातून पुन्हा फुटतंच. म्हणजे कुठून ना कुठून पाणी दिसत राहतं. पक्ष्यांनाही बरं, बाकीची उभी असतात. थूरे बोंबलायचा, त्याला दरवर्षी यंत्र आणावं लागायचं."

"तिला सांगितलं होतंस, तिच्यासाठी करतोस म्हणून?"

"सांगायचं काय त्यात? खिडकीशी तीच बसायची. तिला दिसत होतं की."

सिग्नेनं सुपात चमचा फिरवला. वाफ चेहऱ्यावर आली. "मी सगळं काढायला सांगितलं तेव्हा काही बोलला का नाहीस?"

हेल्गेनं सुपात मोहरी घातली. "तुझं चुकलं नव्हतं म्हणून," तो म्हणाला. "टिटव्या गेल्या. त्या माझ्यामुळे गेल्या. हे खरंच आहे. मी काय बोलणार होतो?"

"आणि खाडी?"

"एका शेतानं खाडी साफ होत नाही, सिग्ने. गावानं सांडपाण्याचं काम सुधारलं. काठाच्या सगळ्यांनी खत कमी केलं. इथून जे खाली जात होतं ते थांबलं, इतकंच माझं. गावाचं ते साफ केलेलं सांडपाणीही उन्हाळ्यात आपल्या वाळुंजांना सोडतात, ती पिऊन टाकतात. माझ्या बापानं आणि मी खताबरोबर जमिनीत कॅडमियम घातलं, विषच ते, आम्हाला कुठे ठाऊक होतं! तेही ही झाडं थोडं थोडं वर ओढतात, मग ते भट्टीच्या राखेत सापडतं, बाजूला काढतात. थोडंच. माझ्या हयातीत संपायचं नाही." एवढं लांब बोलून तो दमल्यासारखा झाला आणि ब्रेडचा तुकडा मोडत म्हणाला, "मुळं मात्र वाईट. थूरेच्या शेतातलं पाणी जमिनीखालून बाहेर काढणारे नळ बुजवलेत. तो म्हणतो त्यात खोटं नाही."

ती त्याच्याकडे बघत होती. औषधाचा जोर ओसरत होता बहुतेक. चेहऱ्याच्या कडा हळूहळू जागेवर येत होत्या. गालावरचे तपकिरी डाग, दाढी करताना राहून गेलेले पांढरे केस. या माणसानं आपल्या बाजूनं एक शब्द खर्च केला नव्हता. ना तेव्हा, ना आता. तिला वाटलं, काही माणसं आपल्यासाठी काय करतात ते कळायला आपल्याला त्यांच्या इतकं जवळ येऊन, आणि इतकं उशिरा, बसावं लागतं. पण बसायला मिळालं. तो अजून सूप ढवळतोय, आणि मी इथे आहे. हे थोडं नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "वरचा भाग, घराकडचा, मोकळा करू. खालचा राहू दे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंचा, खाडीपर्यंत."

हेल्गेचा चमचा ताटलीवर थांबला. "खालचीही म्हातारी झालीत. चार-पाच वर्षांत नवी लावावी लागतील."

"लावीन."

"शहरात बसून?"

"बस येते इथे. मलाच माहीत आहे किती वाजता येते ते."

तो हसला, नुसता नाकातून, पण हसला. मग म्हणाला, "वरच्या भागात वसंतातच पेर. शरदात नको. टिटव्या येतात तेव्हा जमीन उघडी लागते."

"येतील?"

"माहीत नाही. हल्ली कुठेच फारशा राहिल्या नाहीत." त्यानं उठून ताटल्या उचलल्या. "पण जागा असलेली बरी."

तिनं लहानपणापासूनच्या सवयीनं म्हटलं, "जेवणाबद्दल धन्यवाद, पप्पा." जेवून उठताना सगळेच म्हणतात, रोज म्हणतात, कुणी ऐकतही नाही. आज ते म्हणून ती टेबलाशी तशीच उभी राहिली, आणि हेल्गे नळ सोडून पाठमोरा उभा राहिला, भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजवत.

मंगळवारी थूरे आला. साठीचा, लालबुंद मानेचा, ट्रॅक्टरमागे खोडं चिरडायचं अजस्र यंत्र. सिग्नेनं रजा घेतली होती. कुठे थांबायचं ते दाखवायला ती ओढ्याच्या अलीकडे उभी राहिली. थूरेनं खाली न उतरताच तोंड सुरू केलं. "अर्धंच? आता अर्धंच? अगं, तुझ्या बापाच्या मुळांनी माझे नळ गिळलेत, आणि तू त्यातली निम्मी पाळायला ठेवणार?"

"तुझ्या बाजूची सगळी ओळ काढ. नळ मी साफ करून देते."

"लेखी दे," थूरे म्हणाला. पण तो हसत होता. यंत्र खाली आलं, आणि जमीन हादरायला लागली. खुंट फुटत होते, मुळं तटातट तुटत होती, सालीचा तो कडवट वास सगळीकडे पसरला. सिग्नेला वाईट वाटलं. वाटेल हे तिला माहीत होतं. हेल्गे घराकडून सावकाश, काठी टेकत खाली आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर थूरे थांबला. ट्रॅक्टरवरून उतरला, मागे चालत गेला, वाकला, आणि हातात काहीतरी घेऊन त्यांच्याकडे आला.

"हेल्गे, ही आपल्या शिवारातली माती आहे?"

इकडची जमीन चिकणमातीची. सिग्नेला ती चांगली आठवत होती. ओली असताना बुटांना दगडासारखी चिकटणारी, वाळली की विटा होणारी, नांगर लागला की चकाकणारे राखाडी तुकडे निघणारी. पप्पा आणि आजोबा ते तुकडे हातोड्यानं फोडायचे. थूरेच्या तळहातावर होतं ते काळसर, भुसभुशीत, कोको घातलेल्या केकच्या चुऱ्यासारखं. त्यात दोन गांडुळं वळवळत होती आणि केसांसारखी बारीक मुळं होती. हेल्गेनं चिमूट घेतली, बोटांत चुरली, नाकाशी नेली. "वीस वर्षं नांगर लागला नाही," तो हळू म्हणाला. "पानं पडत होती. मी काही ती उचलली नाहीत." थूरे म्हणाला, "माझ्याकडे अजून विटाच निघतात." त्याच्या आवाजात हेवा होता, आणि तो लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही.

सिग्ने उकरलेल्या ओळीत गेली. गुडघे टेकून तिनं दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घातले. गार होती, हलकी होती, हात आत जाऊ देत होती. इतकी वर्षं ती वर बघून भांडत होती; पानांच्या भिंतीकडे, अडलेल्या नजरेकडे. आणि इथे खाली, कुणी न सांगता, कुणी न बघता, हे चाललं होतं. तिला कुणाचे तरी आभार मानायचे होते आणि नेमके कुणाचे ते कळत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचे, खोक्यावर बसणाऱ्या आईचे, गळून पडलेल्या पानांचे, की या दोन गांडुळांचे. ती तशीच बसून राहिली. नाकातून पाणी येत होतं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"बाई, उठतेस का आता?" थूरे ट्रॅक्टरवर चढून बसला होता. "मला अजून दोन शेतं उरकायचीत!"

"थांब रे जरा," हेल्गे म्हणाला. त्यानं काठी जमिनीत रोवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "बसू दे तिला."

थूरेनं काहीतरी पुटपुटत किल्ली फिरवली, आणि इंजिन बंद झालं.